चिरा लहान की मोठा? गुडघ्याच्या सांधेरोपणाचे दोन मार्ग

(धाराशिव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



  थेट विषयाला हात घालतो. संयोजकांनी विषय दिला तो असा : गुडघा बदलण्याची जुनी, मोठ्या चिऱ्याची पद्धत चांगली की नवी, लहान चिऱ्याची? दवाखान्यात हाच प्रश्न जरा वेगळ्या भाषेत येतो. "डॉक्टर, ते बारक्या चिऱ्याचं ऑपरेशन असतंय म्हणं. तिसऱ्या दिवशी माणूस जिना चढतंय. आमच्या आईचं तेच करा." विचारणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर कुठल्या तरी मोठ्या शहरातली जाहिरात असते. शेजारी आई बसलेली असते. तिला उभे राहायला सांगितले, तर दोन गुडघ्यांच्या मधून सहज घागर जाईल इतके पाय बाहेर वाकलेले असतात.

माझे मत आधीच सांगून टाकतो. चिऱ्याची लांबी पहिल्या दीड-दोन महिन्यांपुरती महत्त्वाची आहे. नवा गुडघा वीस वर्षे चालणार की पाच वर्षांत खिळखिळा होणार, हे आतली हाडे किती अचूक कापली, अस्थिबंधांचा ताण दोन्ही बाजूंना किती सारखा राखला आणि रुग्ण किती उशिरा आला यावर ठरते. आता हे मत कशाच्या आधारावर आहे ते सांगतो.

गुडघा हा शरीरातला सर्वांत मोठा सांधा. वर मांडीचे हाड, खाली नळीचे हाड, पुढे वाटी. हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीची गुळगुळीत कूर्चा असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती एकदा झिजली की भरून येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांत झीज सांध्याच्या आतल्या बाजूला सुरू होते. आतली बाजू खचली की पाय बाहेर वाकतो, पाय वाकला की शरीराचा भार आणखी आतल्या बाजूवर येतो, आणि खचणे वाढत जाते. वय, वजन, घराण्यातला कल, जुनी दुखापत ही कारणे सगळीकडे सारखीच. आपल्या जिल्ह्यात त्यांच्या जोडीला उकिडवे बसून केलेले काम आहे : सोयाबीनची खुरपणी आणि काढणी, चुलीपुढचा स्वयंपाक, ऊसतोडीच्या फडातले वाकणे-उठणे. सांधा मात्र साऱ्या आयुष्याला एकच मिळतो.

दुखण्याची पहिली परीक्षा इथे अनेकदा तुळजापुरात होते. भवानीच्या देवळात आधी पायऱ्या उतराव्या लागतात आणि परतताना चढाव्या लागतात. झिजलेल्या गुडघ्याला उतरणे जास्त जड जाते, कारण शरीराचा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर तोलून धरावा लागतो. येरमाळ्याच्या येडाईच्या डोंगरावर याच्या उलट, आधी चढण. "औंदा देवीला खालीच हात जोडले" असे एखादी बाई सांगते, तेव्हा एक्स-रे काढण्याआधीच आजाराची पायरी बऱ्याच अंशी कळते.

आता थोडा इतिहास. १८९० मध्ये बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी क्षयाने खाल्लेल्या गुडघ्यांत हस्तिदंताची बिजागरी बसवून पाहिली. जंतुसंसर्गापुढे ती टिकली नाही. १९५० च्या दशकात धातूच्या बिजागऱ्या आल्या. बिजागरी फक्त पुढेमागे हलते. गुडघा वाकताना थोडा वळतोही आणि थोडा घसरतोही, त्यामुळे त्या बिजागऱ्या हाडात सैल होत. खरी वाट सापडली ती खुब्याच्या सांध्यात. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी १९६२ पासून धातूच्या गोळ्याला दाट प्लॅस्टिकची वाटी आणि दोन्हींना हाडाचे सिमेंट अशी जोडी बसवली. त्यांच्याकडे शिकायला आलेल्या कॅनडाच्या फ्रँक गन्स्टन यांनी १९६८ मध्ये तेच तत्त्व गुडघ्यात आणले. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि अभियंता पीटर वॉकर यांनी 'टोटल कॉन्डिलर' गुडघा तयार केला. आज जगभर बसवले जाणारे बहुतेक गुडघे त्याच घराण्यातले आहेत.

यातले राणावत इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. त्यांनीच ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला आणि जून २००१ मध्ये उजवा. गुडघा बदलता येतो ही गोष्ट त्या बातम्यांनी खेडोपाडी पोचवली. पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय हाडांचा आकार आणि आपली खाली बसण्याची सवय लक्षात घेऊन 'इंडस' हा देशी गुडघा तयार केला. गुडघ्याच्या इतिहासात महाराष्ट्राचाही असा वाटा आहे.

आता शस्त्रक्रियागृहात चला.

पारंपरिक पद्धतीत कमरेतून भूल दिली जाते आणि मांडीला रक्तप्रवाह रोखणारा पट्टा बांधतात. गुडघ्याच्या मधोमध उभा चिरा घेतात. पूर्वी तो २० ते ३० सेंटिमीटर असे. कातडीखाली मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूची कंडरा लागते. ती उभी चिरून, वाटीच्या आतल्या कडेने खाली येतात. फॉन लांगेनबेक या जर्मन शल्यविशारदाने एकोणिसाव्या शतकात दाखवलेला हा मार्ग. मग वाटी उलटी करून बाहेरच्या बाजूला ठेवायची आणि गुडघा वाकवायचा. झिजलेला सगळा सांधा समोर उघडा होतो.

पुढचे काम सुतारीच्या जवळचे आहे. मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालून तिच्यावर कापण्याचा साचा बसवतात आणि टोकाचे आठ-दहा मिलिमीटर हाड काढतात. नळीच्या हाडाचा माथा आडवा सपाट करतात. जेवढ्या जाडीचे हाड आणि कूर्चा गेली, साधारण तेवढ्याच जाडीचा धातू आणि प्लॅस्टिक परत द्यायचे असते. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत काढलेली रेषा गुडघ्याच्या मधून जावी, हे परंपरेने मानलेले लक्ष्य. तीन अंशांपर्यंतची चूक चालवून घ्यायची, असा संकेत. बाहेर वाकलेल्या पायात आतल्या बाजूचे अस्थिबंध आखडलेले असतात आणि हाडाला काटे फुटलेले असतात. काटे काढून, अस्थिबंध थोडे थोडे सोडवून, गुडघा सरळ असताना आणि काटकोनात असताना दोन्ही बाजूंचा ताण सारखा आणावा लागतो. शेवटी सिमेंट. पावडर आणि द्रव एकत्र केले की काही मिनिटांतच ते दगडासारखे होते. तेवढ्या वेळात भाग दाबून बसवायचे आणि कडांनी, विशेषतः मागच्या बाजूने, बाहेर आलेले सिमेंट खरवडून काढायचे. मागे राहिलेला खडा पुढे प्लॅस्टिक कुरतडतो. वाटी बऱ्याचदा तशीच राहते; गरज वाटली तर तिच्या मागे प्लॅस्टिकची चकती बसवतात.

लहान चिऱ्याच्या पद्धतीची सुरुवात १९९० च्या दशकात अर्धा गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेपासून झाली. अमेरिकेत जॉन रेपिसी यांनी ती पुढे नेली. २००० च्या आसपास पूर्ण गुडघाही तसाच बदलायला लोक लागले. इथे चिरा साधारण १० ते १४ सेंटिमीटरचा. पण कातडीपेक्षा स्नायूला कसे वागवले हे महत्त्वाचे. 'मिडव्हास्टस' मार्गात कंडरा न चिरता आतल्या बाजूच्या स्नायूचे धागे थोडे फाकवून आत जातात. 'सबव्हास्टस' मार्गात तोही स्नायू न कापता खालून अख्खा उचलून बाजूला घेतात. वाटी उलटवत नाहीत, फक्त सरकवतात. सगळा सांधा एकदम कधीच दिसत नाही. गुडघा वाकवला की एक भाग दिसतो, थोडा सरळ केला की दुसरा. उजवीकडचा हूक ओढायचा तेव्हा डावीकडचा सैल सोडायचा. आम्ही त्याला सरकती खिडकी म्हणतो. शल्यविशारद आणि त्याचा सहायक यांची हातजुळणी नसेल, तर ही खिडकी चुकीच्या वेळी चुकीच्या ठिकाणी असते.

लक्षात घ्या, दोन्ही पद्धतींत हाडाचे काप तेच असतात, सिमेंट तेच आणि बसवायचा सांधाही तोच. ही दुर्बिणीची शस्त्रक्रिया नव्हे आणि लेसरचीही नव्हे. फरक आत जाण्याच्या वाटेचा आहे.

मग या वाटेने मिळते काय? दोन्ही पद्धतींची तुलना करणारे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर चित्र बरेच स्पष्ट दिसते. स्नायू राखला की पहिल्या काही आठवड्यांत दुखणे कमी असते, पाय सरळ उचलणे लवकर जमते, गुडघाही लवकर वाकतो. हा फायदा खरा आहे. पण तो हळूहळू विरत जातो, आणि वर्षाच्या टोकाला दोन्ही गटांतले लोक सारखेच चालत असतात. बदल्यात शस्त्रक्रियेला थोडा जास्त वेळ लागतो. हात बसलेला नसेल, तर सांधा तिरका बसण्याचा धोका वाढतो. लहान फटीत जोर लावून ओढल्याने कातडीच्या कडा दुखावतात आणि जखम भरायला वेळ लागतो. अनुभवी हातांत यातले बरेच तोटे गळून जातात, पण अनुभव यायला आधी बरेच गुडघे हाताखालून जावे लागतात.

दुसऱ्या पारड्यात काळ टाकून पाहू. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सांधेरोपणाच्या राष्ट्रीय नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षांनंतरही काम करत होते. त्यातले पंचवीस वर्षे जुने गुडघे मोठ्या चिऱ्याच्या काळात बसवलेले आहेत. सावकाश, उघड्या सांध्यात, सगळे डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या कामाची ती पावती आहे. लहान चिऱ्याला या मोजपट्टीवर सरस ठरायला फारशी जागाच उरत नाही. तो बरोबरीत राहिला तरी पुष्कळ.

पण लहान चिऱ्याचे श्रेय मला नाकारायचे नाही. त्याने आम्हा सगळ्यांना एक धडा दिला. ही पद्धत मांडणाऱ्यांनी स्नायू राखण्याबरोबर बाकीचीही व्यवस्था बदलली. भूल देण्याआधीपासून वेदनाशामके, सांध्याभोवती वेदना रोखणाऱ्या औषधांचे मिश्रण, मांडीत फक्त संवेदनेची नस बधिर करणारे इंजेक्शन, रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, आणि त्याच दिवशी वॉकर धरून उभे करणे, हे सगळे हळूहळू रूढ झाले. नंतर लक्षात आले की लवकर बरे होण्यातला बराच वाटा या व्यवस्थेचा आहे आणि ती मोठ्या चिऱ्यालाही तशीच लागू पडते. आज पारंपरिक पद्धतीने शस्त्रक्रिया झालेली बाईसुद्धा त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी पलंगावरून उतरते. पूर्वी ती आठवडाभर झोपून असे. म्हणून जाहिरातीतला तिसऱ्या दिवसाचा जिना पाहिला की नुसता चिरा विचारू नका. दुखणे थांबवायची काय सोय आहे आणि चालवायला कोण उभे राहणार आहे, हेही विचारा.

आता मघाच्या त्या आईकडे वळू. लहान चिऱ्यासाठी पाठ्यपुस्तक ज्यांना योग्य म्हणते ते रुग्ण असे : वजन बेताचे, पाय फार वाकलेला नाही, गुडघा काटकोनापलीकडे वाकतो, आधी तिथे शस्त्रक्रिया झालेली नाही, हाड ठिसूळ नाही. आपल्या जिल्ह्यातले कितीतरी रुग्ण या यादीच्या बाहेर आहेत, कारण ते उशिरा येतात. आधी तेल, मग मलम, मग गोळ्या, मग इंजेक्शन. सुगी झाल्यावर जाऊ, लेकीचे लग्न झाल्यावर जाऊ. यंदाचे ऑपरेशन पाच वर्षांनी होते आणि तोवर आतल्या बाजूचे हाड बशीसारखे खचलेले असते. अशा गुडघ्यात हाडाची भर घालावी लागते, कधी नळीच्या हाडात लांब दांडा घालावा लागतो. त्याला उजेड आणि जागा लागते. तिथे चार सेंटिमीटर वाचवण्यासाठी अडून बसणे रुग्णाच्या हिताचे नाही.

याला दुसरी बाजू आहे तीही सांगतो. मुंबईच्या डॉ. नीलेन शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखडलेल्या गुडघ्यांतही सबव्हास्टस मार्गाने सांधे बसवून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत. म्हणजे पाठ्यपुस्तकाची यादी काळ्या दगडावरची रेघ नाही. पण ते त्याच मार्गात मुरलेल्या हातांचे काम आहे. म्हणून रुग्णाने डॉक्टरला विचारावे : तुम्ही स्वतः कोणत्या मार्गाने सर्वांत जास्त शस्त्रक्रिया करता? त्याच मार्गाने माझी करा, हे त्यावरचे शहाणपणाचे उत्तर. आणि गरज पडली तर चिरा वाढवण्याची मोकळीक डॉक्टरला द्यावी. अर्ध्यात चिरा वाढवणे हा पराभव नसतो.

खरोखर लहान शस्त्रक्रिया हवी असेल तर तीही आहे. झीज फक्त एकाच कप्प्यात असेल आणि अस्थिबंध शाबूत असतील, तर तेवढाच कप्पा बदलता येतो. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टॉपकॅट' चाचणीत पाच वर्षांनी अर्धा आणि पूर्ण गुडघा बदललेल्यांची स्थिती सारखीच निघाली. हाड कमी जाते, गुडघा जास्त नैसर्गिक वाटतो. मात्र पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता जास्त. २५ वर्षे टिकणाऱ्या गुडघ्यांचा आकडा इथे सुमारे ७० टक्के आहे. आणि ही संधी मिळते ती वेळेत येणाऱ्याला.

दुर्बिणीने गुडघा धुऊन घेतला तर बदलणे टळेल, ही आशाही अनेकांना असते. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये ब्रूस मोझली यांनी १८० रुग्णांवर याची परीक्षा घेतली आणि २००२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काहींचा सांधा दुर्बिणीने धुतला, काहींचा खरवडून साफ केला, काहींना फक्त कातडीवर चिरे दिले. तिन्ही गट सारखेच राहिले. झिजलेल्या गुडघ्याला धुण्याने कूर्चा येत नाही.

आणि प्रत्येक दुखणारा गुडघा बदलायचा नसतोच. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्यांना वर्षअखेर जास्त आराम होता, पण गंभीर त्रासही त्यांच्यातच जास्त झाले. नुसता व्यायाम, आहार आणि औषधे मिळालेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश लोकांना त्या वर्षात शस्त्रक्रिया लागली नाही. एक किलो वजन उतरले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. मांडीचा स्नायू बळकट करायला खुर्ची आणि भिंत पुरतात. रात्री झोप मोडते, घरातल्या घरात चालणे अवघड होते आणि एवढे करूनही उतार पडत नाही, तेव्हा मात्र टाळाटाळ करू नये. शस्त्रक्रियेआधी साखर आटोक्यात, दात साफ, तंबाखू बंद. सांध्यातला जंतुसंसर्ग शंभरात एका-दोघांना होतो, पण ज्याला होतो त्याची पुढची दोन-तीन वर्षे त्यात जातात. शिवाय शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या उत्तम होऊनही पाचातला एक जण पूर्ण समाधानी नसतो, हेही आधी सांगितलेले बरे. मांडी घालून बसणे काहींना जमते, सगळ्यांना नाही. उकिडवे बसणे टाळावे. म्हणून घरी कमोडची सोय आधी, ऑपरेशन मागून.

पैशाचे थोडक्यात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. दीड लाखाच्या वर जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा तेव्हा कर वगळून ५४,७२० रुपयांवर आला. बिलात सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा दाखवणे रुग्णालयांना बंधनकारक केले. प्रत्येक भागाच्या खोक्यात छापील चिकटपट्ट्या येतात. त्या केसपेपरवर लावतात. त्या पानाची एक प्रत मागून घ्या आणि रेशनकार्डाशेजारी ठेवा. पुढे कधी सांधा दुरुस्त करायची वेळ आली, तर आत काय आहे हे सांगणारा तो पहिला पुरावा. 'लहान चिऱ्याचा खास गुडघा' म्हणून कोणी वेगळी किंमत सांगितली तर हेच पान उघडा. शासकीय योजनेत शस्त्रक्रिया कुठे आणि कशी बसते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे.

शेवटचा मुद्दा आपल्या गावाचा. धाराशिवचा रुग्ण शस्त्रक्रियेला सोलापूर, लातूर, बार्शी किंवा पुण्याला जातो आणि टाके निघाले की गावी परततो. पहिल्या दीड महिन्याचा जो व्यायाम लहान चिऱ्याचा सगळा फायदा ठरवतो, तो मग कोणाच्याच नजरेखाली होत नाही. उशी गुडघ्याखाली राहते, गुडघा सरळ होत नाही आणि आखडतो. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून 'भारतवैद्य' म्हणजे आरोग्यसेविका तयार केल्या, हे आपण पाहिले आहे. टाच पलंगावर टेकवून गुडघा खाली दाबायचा आणि दहा आकडे मोजायचे, एवढे शिकवायला आणि तपासायला अशी शिकवलेली बाई पुरेशी आहे.

आणि बदललेल्या गुडघ्यांचे पुढे काय होते, हे कोणीतरी लिहून ठेवले पाहिजे. स्वीडनने १९७५ पासून बदललेल्या गुडघ्यांची नोंद ठेवली. कोणता सांधा टिकतो आणि कोणता नाही, हे त्यांना जाहिरातींकडून शिकावे लागले नाही. २०२२ पासून धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शस्त्रक्रिया कुठेही झाली असो, जिल्ह्यातल्या प्रत्येक बदललेल्या गुडघ्याची नोंद तिथे व्हावी : चिरा कोणता, सांधा कोणता, दीड महिन्यानंतर किती वाकतो, वर्षाने रुग्ण शेतात जातो का, देवीच्या पायऱ्या उतरतो का. खर्च एका कारकुनाचा आणि एका संगणकाचा. पाच वर्षांनी या व्यासपीठावर कोणी हाच विषय घेऊन उभा राहिला, तर लहान चिरा आपल्या बायाबापड्यांना किती उपयोगी पडला हे त्याला न्यूयॉर्क आणि डेन्मार्कचे हवाले न देता सांगता यावे, एवढी माझी मागणी आहे.